मोरसला गेलेले थोरले पणजोबा आणि आमचा सातबारा

आमच्या आत्याच्या तोंडी पांढऱ्या साखरेला अजूनही 'मोरस' हाच शब्द आहे. मॉरिशसहून यायची म्हणून मोरस. लहानपणी आम्हाला ते साखरेचं नाव वाटायचं, आप्पांना मात्र ते गावाचं नाव वाटायचं. कारण त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ सत्तावनच्या बंडाच्या पुढच्या वर्षी संगमेश्वराकडून मुंबईला गेला, तिथून जहाजात बसून मोरसला गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. घरात त्याचं श्राद्ध घालायचं की नाही यावर दोन पिढ्या वाद झाले म्हणे.

मी बँकेत नोकरी करते. ओटीपी कुणाला देऊ नका, असं दिवसातून दहा वेळा लोकांना सांगते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'एवढंही कळलं नाही का' हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही. तो आमच्या घरात विचारून झाला आहे.

तो माणूस आम्हाला ज्ञातीच्या मेळाव्यात भेटला. पडद्यावर चित्रं दाखवत त्याने अर्धा तास भाषण केलं आणि ते खरोखर चांगलं होतं. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलास' जहाज पोर्ट लुईला लागलं तिथपासून सुरुवात. ब्रिटिशांनी गुलामी बंद केली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, मग करारावर नेली. ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं. साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून त्या एवढ्याशा बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, कलकत्त्याहून गेलेली, मद्रासेकडची बरीच, आणि मुंबईहून गेलेली आपली, रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडची. यातलं काहीही खोटं नव्हतं. फसवणारा माणूस खोटं फार कमी बोलतो, हे मला आता कळलंय. नव्वद टक्के तो तुम्हाला खरी आणि चांगली माहिती देतो आणि तुम्ही त्याला विद्वान समजून बसता.

भाषणानंतर आप्पा, वय वर्षं 83, काठी टेकत त्याच्याकडे गेले. त्याने त्यांच्या पाया पडून नाव-गाव विचारलं, थोरल्या पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, सगळं वहीत लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी मला फोन: "ताई, सापडले!"

शोधाचे 45,000 रुपये घेऊन त्याने एक दाखला पाठवला. जुनाट पिवळा कागद, वर इमिग्रंट नंबर, थोरल्या पणजोबांचं नाव, बापाचं नाव, वय 20, जिल्हा रत्नागिरी, जहाज कलकत्त्याहून, आगमन 1859. कोपऱ्यात फोटो: पागोटं बांधलेला काळासावळा माणूस, डाव्या भुवईला मधोमध चीर गेलेली. फोनवर तो आत्याला म्हणाला, "आत्या, भुवई बघा, घरचीच आहे की नाही?" आत्याने चष्मा लावून पाहिलं आणि रडायलाच लागली. आमच्या दादाकाकांची भुवई अशीच होती, म्हणाली. दादाकाकांची भुवई सायकलवरून पडून फाटली होती, ती काही रक्तातून आलेली नव्हती. पण त्या क्षणी हे बोलायची माझी हिंमत झाली नाही. बोलले असते तर दहा लाख वाचले असते.

मग निघालं सहलीचं. आप्पा, आत्या, मी, नवरा, आमची लेक, भाऊ, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. आठ माणसं, माणशी 1,20,000, सात रात्री, 'वंशजांची भेट' धरून. वर माणशी 4,500 'व्हिसा प्रोसेसिंग'. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चायला पैसे दाखवले की विमानतळावरच शिक्का मिळतो. हे दोन मिनिटांत बघता आलं असतं. बघितलं नाही. त्या न लागणाऱ्या व्हिसासाठी त्याने 36,000 रुपये घेतले आणि 'आर्थिक कुवतीचा पुरावा' म्हणून आप्पांच्या गावच्या जमिनीचा सातबारा आणि हाताने काढलेली वंशावळ मागून घेतली. हा सातबारा ध्यानात ठेवा.

पैसे तुकड्यातुकड्यांनी, तीन वेगळ्या खात्यांवर द्यायला सांगितले. कारण? "टीसीएस कशाला भरता ताई, मी वाचवतो." टीसीएस म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करून सरकारात भरायचा आयकर; परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. तो आपल्या पॅनवर जमा दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो. म्हणजे तो पैसा कुठे जात नाही. उलट टीसीएस दिसला की व्यवहार सहल म्हणून नोंदला गेला, हा आपल्याकडे पुरावा राहतो. आमच्याकडे आज जे आहे ते तीन अनोळखी माणसांच्या खात्यांवर केलेले यूपीआय. चौकशीत तो सरळ म्हणू शकतो, हातउसने होते.

नोव्हेंबर 2024 मध्ये निघालो. आत्याने गावच्या देवळाजवळची माती पुरचुंडीत बांधून घेतली होती आणि घरच्या झाडाचा एक नारळ. प्लेझांसच्या विमानतळावर दोन्ही काढून घेतलं. बाहेरची माती, रोपं, बिया त्या बेटावर नेता येत नाहीत. अधिकारी बाई सौम्य होत्या, पण पुरचुंडी त्यांनी सोडली नाही. याची कल्पना द्यायला पॅकेजवाल्याला एक वाक्य पुरलं असतं.

पहिले दोन दिवस छान गेले, तेही सांगायला हवं. आप्रवासी घाटावर आप्पा दगडी पायऱ्या मोजत चढले, सोळा भरल्या. जहाजातून उतरलेला माणूस याच पायऱ्यांनी वर यायचा. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा आहे. आप्पांनी वर पोचल्यावर काठी बाजूला ठेवून हात जोडले. कुणी काही बोललं नाही. सोबत त्याने लावून दिलेला स्थानिक गाडीवाला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं असं मला अजूनही वाटतं.

तिसऱ्या दिवशी वाक्वाजवळच्या एका गावात 'आपल्या माणसांकडे' जेवायला. घराच्या दाराशी लाल झेंडे, अंगणात तुळस, आणि पंच्याऐंशीच्या घरातल्या एक आजी. बोलायच्या क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून झालेली बोली, पण "बसा", "जेवा", "पाणी" हे शब्द मराठी. डाळपुरी होती, भाजी होती, खीर होती. जेवणानंतर घरातल्या बायकांनी झाकरी करून दाखवली. आमच्याकडे जाखडी म्हणतात तीच. गोल धरून, पायात ठेका. आत्या उठून त्यांच्यात शिरली. एकोणऐंशीव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून. माझ्या लेकीने ते सगळं फोनवर टिपलंय.

आता आडनावाची गंमत. आपल्यासारखी आडनावं तिथल्या मराठी घरांत फारशी टिकली नाहीत. रजिस्टरात उतरवलेलं नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्या घराचं आडनाव म्हणजे आमच्या थोरल्या पणजोबांचं पाळण्यातलं नाव, अक्षर न अक्षर तेच. आम्हाला वाटलं, याहून मोठा पुरावा काय हवा? पण त्या काळात आमच्या तालुक्यात दर वाडीत त्या नावाचे दोन-तीन बाप्ये असणार. ज्याला कुणाला दोन घरं जुळवायची आहेत, त्याच्यासाठी एवढं पुरे.

चहा झाल्यावर आजींचा मुलगा, साठीचा, आतून एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. तो इतका संकोचला होता की मला वाटलं, घरचे जुने फोटो असतील. त्याने फाइल माझ्या नवऱ्यासमोर उघडली. वरचाच कागद आमचा सातबारा होता. गट नंबर, आप्पांचं नाव, अकरा गुंठे, आणि कडेला लाल पेनाने फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलेलं. खाली आप्पांच्या अक्षरातली वंशावळ. तिच्यात थोरल्या पणजोबांच्या नावाखालून एक नवी रेघ काढून या घरातली सहा नावं जोडलेली.

त्यांची सून शाळेत शिकवते, तिने हिंदी-इंग्रजीत सांगितलं ते असं. त्या माणसाने त्यांना कळवलं होतं की तुमची भारतातली भावकी सापडली, गावाला वडिलोपार्जित जमीन आहे, तुमचा हिस्सा निघतो, आणि ते लोक मन मोठं करून तो देण्याचं बोलायला येत आहेत. वारसनोंदीच्या खर्चासाठी त्याने त्यांच्याकडून 30,000 मॉरिशियन रुपये घेतले होते. ती माणसं जेवणभर आमच्या तोंडाकडे बघत होती, हे लोक विषय कधी काढणार म्हणून.

आणि विषय निघू नये याची तजवीज त्याने दोन्हीकडे केली होती. आम्हाला बजावलं होतं, "त्यांच्याकडे कागदपत्रं मागू नका, माणसं हळवी आहेत." त्यांना सांगितलं होतं, "पहिल्या भेटीत जमिनीचं बोलू नका, ते बिथरतील." आजींच्या मुलाला तेवढा धीर धरवला नाही, म्हणून आम्हाला तिथल्या तिथे कळलं.

सुनेने मग कपाटातून आणखी एक कागद काढला. तो मात्र खरा होता, मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून, जिथे मजुरांची जुनी रजिस्टरं ठेवली आहेत, तिच्या सासऱ्यांनी कधीकाळी काढून आणलेला. त्यांचा मूळ पुरुष सावंतवाडीकडचा, 1870 नंतर आलेला, बापाचं नाव वेगळं. आमच्याशी संबंध शून्य.

दुसऱ्या दिवशी तिच्याचसोबत मोक्याला गेलो. तिथल्या बाईंनी आमचा दाखला हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "1859 ला फोटो कुठून आला?" मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली ती 1860 च्या दशकात, काही वर्षं गेल्यावर. दुसरा प्रश्न, रत्नागिरीचा माणूस कलकत्त्याला जाऊन जहाज कशाला धरेल? ज्या भाषणावर आम्ही भाळलो, त्यातच तो आपल्या तोंडाने म्हणाला होता की आपली माणसं मुंबईहून गेली. त्या बाईंनी हेही सांगितलं की माग काढतात तो उलट्या दिशेने: तिथल्या वंशजाचा जन्मदाखला, त्याच्या आईबापांचा लग्नाचा दाखला, असं पायरी पायरीने मागे जात इमिग्रंट नंबरापर्यंत. भारतातून नुसतं एक नाव घेऊन पंधरा दिवसांत कुणी "सापडले" म्हणालं, तर त्याला नंबर कसा मिळाला ते विचारा.

हॉटेलवर परत आलो तर काउंटरवर निरोप. आमच्या तीन खोल्यांचे पैसे दोनच रात्रींचे भरलेले होते. त्याचा फोन बंद. उरलेल्या पाच रात्री आम्ही दुसऱ्यांदा भरल्या, नवऱ्याच्या कार्डावर. हॉटेलचं व्हाउचर हाती आलं की थेट हॉटेलला फोन करून किती रात्रींचे पैसे पोचले ते विचारायचं असतं, हेही मी आता कळल्यावर सांगते आहे. परतीची तिकिटं मात्र खरी निघाली.

आप्पांना आम्ही दोन दिवस सांगितलं नाही. मग माझ्या भाच्याने सांगून टाकलं, पोहताना. आप्पा वाळूत खुर्चीवर बसले होते. "म्हणजे ते सापडले नाहीत," एवढंच म्हणाले. पैशांचं विचारलंही नाही.

परत आल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर खातं गोठवता येतं. आमचा शेवटचा हप्ता जाऊन अडीच महिने झाले होते. पोलिसांत आधी "सेवेत त्रुटी आहे, ग्राहक मंचात जा" असं उत्तर मिळालं. मग मी सातबाऱ्याची लाल पेनवाली प्रत आणि खोट्या दाखल्याची प्रत समोर ठेवली, तेव्हा अर्ज घेतला. ग्राहक आयोगातही तक्रार आहे. तिथल्या सुनेनेही तिकडे तक्रार केली आहे, आणि तिने पाठवलेल्या मेसेजांच्या चित्रांमुळेच आमच्या केसमध्ये जीव आहे. मेळावा भरवणाऱ्या मंडळींनी मात्र अंग काढून घेतलं: त्यांनी फक्त भाषणाला वेळ दिला होता.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या मावसभावाने मला एक मेसेज पुढे पाठवला. दक्षिण आफ्रिकेत, नाताळकडे गेलेल्या तुमच्या पूर्वजांचा शोध, तीन पिढ्यांसाठी खास सहल, मोजक्या जागा. संस्थेचं नाव नवीन, फोन नंबर नवीन. खाली नमुन्यादाखल एका इमिग्रंटचा दाखला जोडला होता, नाव गुजराती, साल 1891. फोटोत पागोटं बांधलेला काळासावळा माणूस, डाव्या भुवईला मधोमध चीर.