हेल्थ प्लॅनचं कॅपिटेशन कॉन्ट्रॅक्ट, दोन वर्षांच्या अनुभवानंतर

पाचपैकी दोन स्टार. प्लॅनचं, म्हणजे आम्हाला पैसे देणाऱ्या विमा कंपनीचं, नाव देत नाही. मी डॉक्टर नाही, तीन डॉक्टरांच्या एका छोट्या क्लिनिकचे हिशेब आणि कॉन्ट्रॅक्ट बघते, म्हणजे प्लॅनकडून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो, त्यामुळे जे लिहितेय ते कागद बघूनच.

आधी चांगलं सांगते. पूर्वी प्रत्येक व्हिजिटचं वेगळं बिल करायचं, मग कोड चुकला म्हणून क्लेम परत, एक कागद कमी म्हणून परत, अर्धा दिवस त्यातच जायचा. कॅपिटेशनमध्ये महिन्याच्या सुरुवातीला यादीत जितके मेंबर असतील तितक्यांचे माणशी ठरलेले पैसे खात्यात जमा, पेशंट आला काय आणि नाही आला काय. पैसे एकदाही उशिरा आले नाहीत. आणि डॉक्टरांना पेशंटशी फोनवर नीट बोलायला, नर्सला शुगरवाल्या आजींच्या घरी पाठवायला मोकळीक मिळाली, कारण आधी या कामाचं बिलच होत नव्हतं. ही पद्धत वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण त्या माणशी रकमेत काय काय धरलंय ते बघा! आमच्याकडे फक्त आमची तपासणी नव्हती, स्पेशालिस्ट, लॅब आणि हॉस्पिटलच्या खर्चाचा एक हिस्सासुद्धा त्यात होता, शिवाय दर महिन्याला 15 टक्के विथहोल्ड म्हणून कापून ठेवायचे आणि वर्षाच्या शेवटी खर्च टार्गेटच्या आत राहिला तरच परत द्यायचे.

पैसे द्यायची पद्धत बदलली की जोखीम कुणाच्या गळ्यात पडते तेही बदलतं. प्रत्येक कामाचं वेगळं बिल असेल तर खर्च वाढल्याचा फटका प्लॅनला. केसमागे ठरलेली रक्कम, म्हणजे अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) 1983 मध्ये हॉस्पिटलांसाठी डीआरजी, म्हणजे आजाराच्या गटानुसार दर, आणले तसं, असेल तर एका केसवर किती खर्च होतो ते हॉस्पिटलने सांभाळायचं, पण वर्षात केस किती येतील ही काळजी प्लॅनकडेच राहते. कॅपिटेशनमध्ये लोक किती आजारी पडणार हेही डॉक्टरच्या डोक्यावर येतं. आता उगाच टेस्ट न करणं, पेशंटकडे वेळेत लक्ष देणं हे डॉक्टरच्या हातात आहे, त्याची जबाबदारी त्यांनी घ्यायलाच हवी. कुणाला कधी कॅन्सर होईल हे कुणाच्याच हातात नाही, आणि त्यासाठीच तर विमा असतो ना.

आमचे मेंबर साधारण 800. समजा एखादा फार खर्चिक आजार वर्षाला हजारात एकाला होतो. 800 लोकांचा हिशेब मांडला तर दर 100 वर्षांत सुमारे 45 वर्षं अशी की एकही केस नाही आणि साधारण 19 वर्षं अशी की दोन किंवा त्याहून जास्त. तेच डॉक्टर, तीच मेहनत. 80,000 मेंबर असलेल्या प्लॅनकडे त्याच आजाराच्या 80 च्या आसपास केस येणार, बहुतेक वर्षी 60 ते 100 च्या मध्ये, म्हणजे त्यांना बजेट करता येतं. आम्हाला नाही येत.

पहिलं वर्ष आमचं रिकामं गेलं आणि विथहोल्ड पूर्ण परत मिळाला, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी एक ल्युकेमिया आणि एक किडनी ट्रान्सप्लांट. दोघांनाही आमच्याच डॉक्टरांनी वेळेत ओळखून पुढे पाठवलं होतं. वार्षिक सेटलमेंटचा कागद आला, शेवटी विथहोल्ड शून्य, आणि त्याखाली आमच्याकडून येणे म्हणून आणखी एक रक्कम. डॉक्टर मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात मी काय वेगळं करायला हवं होतं, सांगा ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांनी सगळं बरोबरच केलं होतं. त्या दिवशी मला खरंच फार वाईट वाटलं.

यावर उपाय आहे, स्टॉप-लॉस, एका पेशंटचा खर्च ठराविक मर्यादेच्या वर गेला की पुढचा दुसऱ्याने उचलायचा. अमेरिकेत मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या (मेडिकेअरचेच, पण खाजगी कंपन्या चालवतात ते प्लॅन) नियमात आहे की दुसरीकडे पाठवलेल्या उपचारांपायी डॉक्टरचे 25 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे धोक्यात असतील तर स्टॉप-लॉस हवाच, आणि मर्यादेच्या वरचा किमान 90 टक्के खर्च त्यात यायला हवा. पॅनल, म्हणजे डॉक्टरांकडच्या पेशंटची संख्या, 25,000 च्या वर असेल तर ही सक्ती नाही. तिथे मेडिकेअरच्या बचत वाटून घ्यायच्या योजनेत एसीओला, म्हणजे एकत्र येऊन जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या गटाला, किमान 5,000 पेशंट लागतात, तेही उगाच नाही. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये स्टॉप-लॉस ऐच्छिक होता, त्याचा हप्ता आमच्याच दरातून जाणार होता, म्हणून घेतला नाही. ही चूक आमची, प्लॅनची नाही.

प्लॅनच्या चुका वेगळ्या. दर ठरवताना फक्त वय आणि स्त्री की पुरुष एवढंच धरतात, आजार धरतच नाहीत. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजमध्ये 2004 पासून पेशंटच्या आजारांनुसार रक्कम कमीजास्त होते, मग इथे का नाही? आमच्या मॅडम डायबेटिस छान सांभाळतात म्हणून तसेच पेशंट आमच्याकडे येतात आणि चांगलं काम करण्याची किंमत आम्हालाच मोजावी लागते. खर्चाचा डेटा चार महिने उशिरा, म्हणजे मेमध्ये काय झालं ते सप्टेंबरमध्ये कळणार, तोवर सुधारायचं काय? आणि रेट्रो, ज्या मेंबरला आम्ही तपासलंय तो तेव्हा यादीत नव्हताच असं नंतर सांगून पैसे कापून घेतात, एकदा तर एका बाईंचे चार महिन्यांचे.

आता रिन्यूअल चालू आहे. हॉस्पिटलचा हिस्सा बाहेर काढा, स्टॉप-लॉस दरातच धरा, रेट्रोला 60 दिवसांची मर्यादा घाला, असं लेखी दिलंय. हॉस्पिटलचं त्यांनी मान्य केलंय, रेट्रोवर अजून उत्तर नाही. सही झाली की इथेच अपडेट टाकते.