फोनवरचे समुपदेशन की प्रत्यक्ष भेट?

कळव्याची माझी मावसबहीण मुलगा आणि मुलगी या दोघांसाठी १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइन बरी की ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, अशा पेचात आहे. कोविडच्या पहिल्या वर्षात नैराश्य आणि चिंताविकार जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याची झळ तरुणांना व स्त्रियांना अधिक बसली, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नोंदवले. या घरात मात्र दोघांच्या त्रासाची कारणे निरनिराळी होती: ऑनलाइन तास चालू असतानाही कुकरच्या शिट्ट्या मोजायचे काम मुलीकडेच असे, तर मुलगा नोकरीच्या धास्तीने गप्प होऊन रात्र रात्र जागू लागला.

खर्चाने निवड ठरत नाही, कारण हेल्पलाइन मोफत आहे आणि रुग्णालय सरकारी. खरा फरक खाजगीपणाचा. दोन खोल्यांच्या घरात मुलीने फोनवर बोलायचे कुठे, जिन्यात? तिला बाहेर पडणेच सोयीचे. मुलाला ‘वेड्यांच्या इस्पितळा’ची पायरी चढायची लाज वाटते (हा शब्द आपण कधी टाकणार, कोण जाणे), मध्यरात्री, चेहरा न दाखवता बोलणे त्याला जमेल. औषधोपचार आणि तपासणीत प्रत्यक्ष भेटच सरस.

त्यामुळे पहिल्यांदा मन मोकळे करायचे असेल त्याने फोन करावा. झोप, भूक, अभ्यास दोन आठवडे बिघडलेला असेल त्याने रुग्णालयात जावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल, तर त्याला एकटे न सोडता घरच्यांनी लगेच सोबत न्यावे.