प्लेयर्स हँडबुक २०२४: स्पीशीज सुटली, बॅकग्राउंडनं धरलं

जळगावात डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलावर बसून फासे टाकत गोष्टीतलं पात्र खेळायचा खेळ, खेळणारे तसे मोजकेच, पुस्तक बाहेरून मागवावं लागतं आणि अमेरिकेतली छापील किंमतच ४९.९९ डॉलर, त्यामुळे २०२४ चं नवीन प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंसाठीचं नियमांचं पुस्तक, घ्यावं का, हे ग्रुपवर सारखं कोणी ना कोणी विचारतं. घ्यावं असंच माझं मत आहे. पण ३८४ पानांचं सगळं लिहीत बसत नाही, फक्त कॅरेक्टर बनवण्याबद्दल लिहितो, म्हणजे स्पीशीज (पात्र कोणत्या प्रकारचा जीव आहे), क्लास (ते कसं लढतं किंवा जादू करतं), बॅकग्राउंड (त्याचा आधीचा धंदा), कारण आमच्या टेबलवर सगळ्यात जास्त वाद तिथंच होतात.

आधी जे खरंच भारी केलंय ते. २०१४ च्या पुस्तकात हाफ-ऑर्क घेतला की स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, वाढायची, नोम घेतला की इंटेलिजन्स, म्हणजे बुद्धीचा, म्हणून ताकदीवर लढणारा जो तो बार्बेरियन हाफ-ऑर्क आणि बुद्धीवर जादू करणारा जो तो विझार्ड नोम नाहीतर हाय एल्फ. कोणाला ड्वार्फ विझार्ड खेळायचा असला की बाकीचे त्याला समजवायला बसायचे, काबर भो, कशाला वाया घालवतो. आता स्पीशीजकडून हे आकडे काढूनच घेतलेत. आसिमार, ड्रॅगनबॉर्न, ड्वार्फ, एल्फ, नोम, गोलायथ, हाफलिंग, ह्युमन, ऑर्क, टीफलिंग अशा दहा स्पीशीज आहेत आणि प्रत्येकीला करून बघण्यासारखं काहीतरी दिलंय. हाफलिंगला डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) एक पडला की तो फासा परत टाकता येतो. ऑर्क शून्य हिट पॉइंटवर (किती मार सोसेल त्याचा आकडा) गेला तरी एकदा एका पॉइंटवर उभा राहतो. ड्वार्फ दगडावर उभा असला की ६० फुटांपर्यंतची हालचाल त्याला काही वेळ पायातून कळू शकते, आणि त्याची चाल २५ फुटांवरून ३० झालीये. आधी पळापळीत ड्वार्फ हमखास मागं राहायचा. ह्युमनला जास्तीचं ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास करामत) आणि एक स्किल मिळतं, नवीन माणसाला मी बिनधास्त ह्युमन देतो. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क मात्र पुस्तकातून गेले, ते मला आवडलेलं नाही, दोन घरांतलं पोर खेळायला फार मजा यायची.

आता जिथं अडतं ते सांगतो. आकडे गेले कुठं? बॅकग्राउंडमध्ये. १६ बॅकग्राउंड आहेत, प्रत्येकाला तीन अॅबिलिटी (ताकद, बुद्धी असे गुण) ठरवून दिल्यात, त्यातल्या एकीला दोन आणि दुसरीला एक, नाहीतर तिघींना एकेक वाढवायचा. आमच्याकडे यावलकडची एक मावसबहीण पहिल्यांदा खेळायला बसली, घरी केळीचं शेत, तिनं सगळं पुस्तक चाळलं आणि म्हणाली मला शेतकऱ्याची पोरगी करायची आहे जी विझार्ड झाली. फार्मर हे बॅकग्राउंड पुस्तकात आहे, विळा, फावडं, लोखंडी भांडं सगळं सामान त्यात मिळतं, ती एकदम खूश. पण फार्मरच्या तीन अॅबिलिटी म्हणजे स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन (अंगाचा कणखरपणा) आणि विझडम (शहाणपण). इंटेलिजन्स नाहीच. म्हणजे ज्यावर विझार्डचं सगळं चालतं तेच वाढणार नाही, आणि सेज नावाच्या पोथीवाल्याला ते वाढवून मिळतं. तिनं विचारलं, दादा, शेतातल्या पोरीला डोकं नसतं का? ती असं बोलली आणि मला ते फार लागलं. स्पीशीजच्या गळ्यातून जे काढलं ते माणसाच्या धंद्याच्या गळ्यात का घातलं हे मला आजपण पटत नाही.

तरीपण आम्ही नियम न मोडता तिचं कॅरेक्टर बनवलं आणि ते असं बनलं की सांगायलाच पाहिजे. ड्वार्फ, फार्मर, विझार्ड. स्टँडर्ड अॅरे, म्हणजे सगळ्यांना सारखेच मिळणारे आकडे, त्यातले १५ इंटेलिजन्सला, १४ कॉन्स्टिट्यूशनला, फार्मरचे दोन घालून १६. फार्मरला टफ हे फीट मिळतं, त्यानं दर लेव्हलला दोन हिट पॉइंट जास्त, आणि ड्वार्फचा दर लेव्हलला एक. पहिल्या लेव्हलला विझार्डचे सहा अधिक कॉन्स्टिट्यूशनचे तीन अधिक टफचे दोन अधिक ड्वार्फचा एक, बारा. तिच्या शेजारी बसलेल्या फायटरचे, कॉन्स्टिट्यूशन १४ धरून, तेवढेच बारा. तिसऱ्या लेव्हलला फासा न टाकता ठरावीक हिट पॉइंट धरले तर तिचे ३२ आणि फायटरचे २८! नुकसान एवढंच की स्पेलचा डीसी (मंत्रातून वाचायला समोरच्याला फाशावर लागणारा आकडा) १३ ऐवजी १२, म्हणजे वीस फाशांत एका फाशाचा फरक. हातात काठी दिली तर अजून शोभतं. मंत्र टाकणारी, पण गोब्लिनचे दोन फटके खाऊन उभी राहणारी बाई, असं कॅरेक्टर जुन्या पुस्तकात मी कोणाचं बघितलं नव्हतं.

ज्यांना बॅकग्राउंड स्वतः बनवायचं असेल त्यांनी २०२४ चं डंजन मास्टर्स गाइड (खेळ चालवणाऱ्याचं पुस्तक) बघा, त्यात पद्धत दिलीये. पण कॅरेक्टर बनवायला दुसरं महागडं पुस्तक उघडायला लागणं हे बरोबर नाही, ते एक पान याच पुस्तकात पाहिजे होतं.

क्लास बारा, प्रत्येकाला चार सबक्लास (क्लासच्या शाखा), आणि सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच. नवीन माणसाला हे सोपं पडतं. वॉरलॉकला मात्र विचित्र वाटतं, पहिल्या लेव्हलपासून कराराची जादू वापरतोय आणि करार कोणाशी केला ते तिसऱ्या लेव्हलला लिहायचं, आम्ही ते आधीच ठरवून टाकतो. फायटरमध्ये जीव आलाय. वेपन मास्टरीमुळं हत्यारं वेगवेगळी वागतात, क्वार्टरस्टाफ (काठी) लागला की समोरच्याचा सेव्ह (वाचायचा फासा) चुकला तर तो खाली पडतो, ग्रेटसोर्ड चुकला तरी थोडं लागतंच. आधी फायटर घेणारा आपली पाळी आली की मारलं म्हणायचा आणि मोबाईल बघायचा, आता तो विचार करून खेळतो. मंकपण सुधारला. रेंजरवर मी नाराज आहे, सगळं हंटर्स मार्क या एका स्पेलभोवती फिरवलंय आणि त्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरता येणारं लक्ष) लागतं, तसाच दुसरा चांगला स्पेल टाकायचा म्हटलं की ते सोडा.

पैसे वाचवायचे असतील तर २०२५ मध्ये आलेलं एसआरडी ५.२, म्हणजे निवडक नियमांचा संच, फुकट आहे, बारापैकी प्रत्येक क्लासचा एक सबक्लास आणि आसिमार सोडून नऊ स्पीशीज त्यात आहेत, बॅकग्राउंड मात्र चारच, अॅकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. फार्मर त्यात नाही. म्हणून चार-पाच जणांत वर्गणी काढून एक छापील प्रत टेबलवर ठेवा, बाकीच्यांनी मोबाईलवर एसआरडी उघडा, आणि पहिला दिवस पूर्ण कॅरेक्टर बनवायलाच द्या, त्या दिवशी लढाई लावूच नका.