ताई चीचे २४ प्रकार की बादुआनजिन?

मन शांत व्हावं आणि अंगही मोकळं व्हावं, एवढ्यासाठी ताई ची आणि बादुआनजिन या सावकाश हालचालींच्या दोन चिनी व्यायामप्रकारांतलं एकच शिकायचं असेल तर निवड वाटते तितकी सोपी नाही. खांदे सुटणं, मांड्यांत बळ येणं, श्वास लांब होणं हे दोन्हींत मिळतं.

बादुआनजिनचे आठ प्रकार जागेवरच होतात, साधारण १२ मिनिटांत. आठवड्याभरात पाठ होतात. ताई चीचा २४ हालचालींचा संच १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून बसवला. तो ५-६ मिनिटांत संपतो, पण अंगात मुरायला तीनेक महिने लागतात. शिवाय ४-५ मीटर मोकळी जागा हवी.

इथवर बादुआनजिनचं पारडं जड आहे. मला ते खटकलं मोजण्यापाशी. बहुतेक प्रकार ६ वेळा, टाचा उचलण्याचा शेवटचा ७ वेळा. हात सवयीने वर जातात आणि मन "चौथं की पाचवं?" यातच अडकतं. मोजणं सोडलं तर ते सरळ दिवसभराच्या कामांकडे पळतं, आणि एखादं आवर्तन गळलं तरी शरीराला पत्ता लागत नाही.

२४ च्या संचात तसं होत नाही. 'माकडाला मागे हटवणे' यात चार पावलं मागे जायचं असतं. चुकून तीनच टाकली तर वजन डाव्या पायावर राहतं, आणि पुढच्या 'चिमणीची शेपटी धरणे'साठी नेमका डावाच पाय उचलायचा असतो. पाय अडतो, चूक तिथल्या तिथे कळते. लक्ष पावलात ठेवावंच लागतं. मनाला जी विश्रांती मिळते ती यातूनच, असा माझा अनुभव.

वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेण्याचा सराव तोलासाठी फार मोलाचा. ज्येष्ठांचं पडणं ताई चीने कमी होतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस केली.

मात्र गुडघा दुखावतो तोही इथेच. पुढच्या पायावर भार असतानाच पाऊल वळवलं की तळवा जमिनीला चिकटून राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढचा चवडा उचला, खुब्यातून सुमारे ४५ अंश वळा, पाऊल पूर्ण टेकवा, मगच त्यावर भार द्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. दोन्ही टाचा एका रेषेत आल्या तर दोरीवर चालल्यासारखं डुलायला होतं, म्हणून पावलांत आडवं वीतभर अंतर ठेवा.

फार वेळ उभं राहवत नसेल किंवा शिकायला कोणी सोबत नसेल, तर बादुआनजिनच बरं. ते बसूनही करता येतं. बाकीच्यांनी २४ चा संच घ्यावा, असं मला वाटतं. फक्त पहिले पंधरा दिवस हात कमरेवर ठेवून नुसती पावलंच टाकावीत.