उथळ भांड्यांतली भाजी: ट्रे, लाकडी पेटी की कापडी पिशवी?

पाऊस आणि वारा दोन्ही भरपूर असतील, तर भांडं निवडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पाणी निथळल्यावरही मातीचा तळाचा थर चिंब राहतोच, तळाला भोकं कितीही असली तरी. या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. समजा, तो थर 5 सेंटिमीटरचा आहे. 30 सेंटिमीटर खोल कुंडीत मुळांना वर 25 सेंटिमीटर मोकळी माती मिळते. 10 सेंटिमीटरच्या ट्रेत मात्र अर्धी जागा तिथेच संपते. मुळं गुदमरतात ती इथे. तळाला खडी घालून हे सुटत नाही, उलट चिंब थर तेवढा वर सरकतो. मिश्रणच भरड करावं: जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) जास्त, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बेताचं.

प्लॅस्टिकचा ट्रे हलका, धुवायला सोपा आणि टिकाऊ. रोपं तयार करायला किंवा कोवळी पालेभाजी पटकन काढायला तो पुरेसा आहे. पण झडीच्या पावसात तो सगळ्यात आधी दगा देतो, आणि रिकामा असला तर वाऱ्याने उडतो. विटांवर किंचित तिरका ठेवला तर बरंच जास्तीचं पाणी उतरतं. हा उपाय फुकटचा आहे, जरूर करावा.

कापडी पिशवीच्या बाजूंनीही हवा खेळते, म्हणून ती लवकर वाफशावर येते, म्हणजे माती चिंब न राहता नुसती ओलसर होते. सततच्या पावसासाठी माझी पहिली पसंती तिलाच. मात्र पावसाने उघडीप दिली आणि वारा चालू राहिला, की तीच पिशवी झपाट्याने सुकते. ओल्या हवामानात पाणी घालायची वेळ येते ती अशी.

लाकडी पेटी जड, त्यामुळे वाऱ्यात सर्वांत भरवशाची. 20 सेंटिमीटर खोली असेल तर पालक, कांद्याची पात, मुळा, लेट्यूस आरामात येतात. लाकूड कुजतं, म्हणून पेटी जमिनीवर टेकवू नये. टोमॅटो उथळ पेटीत लावायचा मोह टाळावा: उंच झाड, तोकडी मुळं आणि वारा हे जमत नाही.

वाऱ्याच्या बाजूला भिंतीऐवजी जाळी लावा. भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवरे करतो, जाळीतून तो मंदावतो. साधारण अर्धी मोकळी वीण असलेली जाळी चालते.

खताचा हिशेब तिन्हींत सारखाच. पावसात नत्र (नायट्रोजन) वाहून जातं, पानं पिवळी पडतात. एकदम भरपूर खत घालू नये, थोडं थोडं गांडूळखत वरून देत राहावं.

जागा उघड्यावर, उंचावर असेल तर पेटी घ्या. वारा अडलेला असून पाऊसच त्रास देत असेल तर पिशवी. ट्रे फक्त रोपांसाठी किंवा कोवळ्या पालेभाजीसाठी, तोही छपराखाली.