बर्फावर गरवायला कोणती रील? बॅकिंग भरलेली फ्लाय रील, इनलाइन आणि स्पिनिंग

अमेरिका-कॅनडात मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओकडची तळी गोठली की बर्फाला भोक पाडून ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असे लहान मासे धरणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. घरात पडून असलेली फ्लाय रील (कृत्रिम माशीने गरवायची, बिनगिअरची) छोट्या रॉडला बांधावी, बर्फासाठीच बनवलेली, गिअर असलेली इनलाइन रील घ्यावी, की साध्या स्पिनिंग रीलवर भागवावं? आमचं मत आधीच सांगतो. २० फुटांपर्यंतच्या पाण्यात लहान माशांसाठी फ्लाय रील फार छान चालते, पण तिच्यात बॅकिंग, म्हणजे मुख्य लाइनच्या खाली गाभ्यावर गुंडाळायची भरणीची दोरी, नीट भरलेलं असेल तरच. ते भरायचा कंटाळा असेल तर सरळ इनलाइन घ्या. पाणी त्याहून खोल असेल किंवा वॉलआय, लेक ट्राउटसारखा ताकदीचा मासा हवा असेल, तर स्पिनिंगच बरी.

लाइनचा पीळ

स्पिनिंग रीलचा स्पूल (लाइन गुंडाळायचं रीळ) जागेवर असतो आणि बेल, म्हणजे तारेची कडी, त्याच्याभोवती फिरून लाइन गुंडाळते. पतंगाच्या फिरकीचं उदाहरण घ्या. फिरकी फिरू दिली तर मांजा सरळ सुटतो. ती धरून ठेवून एका बाजूने मांजा ओढला तर प्रत्येक वेढ्यामागे त्याला एक पीळ बसतो. स्पिनिंग रीलमध्ये हा दुसरा प्रकार होतो, फ्लाय आणि इनलाइनमध्ये पहिला.

उन्हाळ्यात या पिळाचं फारसं काही वाटत नाही. बर्फाखाली मात्र २ पाउंडी (२ पाउंड ताण सोसणाऱ्या) लाइनला ३-४ मिलिमीटरचा टंगस्टन जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ, लटकलेला असतो आणि तो एकाच जागी स्थिर राहायला हवा. पिळलेली लाइन सुटायला लागली की जिग गोल गोल फिरतो. पाण्यातल्या कॅमेऱ्यात हे स्पष्ट दिसतं: ब्लूगिल जिगपाशी येतो, बोटभर अंतरावर थांबतो, पाहतो आणि वळून निघून जातो. स्पिनिंगच वापरायची असेल तर जिगच्या दीड-दोन फूट वर अगदी बारीक स्विव्हल (फिरती कडी) बांधा. त्याने पीळ बराच कमी होतो, पण सगळा जात नाही.

एका फेऱ्यात किती लाइन येते

फ्लाय रीलला गिअर नसतो. हँडल एकदा फिरलं की स्पूलही एकदाच फिरतो, म्हणून लाइन किती व्यासावर गुंडाळली आहे यावरच सगळं ठरतं. ठोकळ हिशेब असा:

| रील | एका फेऱ्यात लाइन | २० फुटांसाठी फेरे |
|---|---|---|
| फ्लाय, बॅकिंगशिवाय (३ सेंमी गाभा) | ९ सेंमी | ६५ |
| फ्लाय, बॅकिंग भरून (७ सेंमी) | २२ सेंमी | २८ |
| इनलाइन (५ सेंमी, गिअर २.७ : १) | ४२ सेंमी | १४-१५ |
| स्पिनिंग, ५०० आकार | ४५ सेंमी | १३-१४ |

पहिल्या दोन ओळींतला फरक फक्त बॅकिंगचा आहे. शिवाय ३ सेंमीच्या गाभ्यावर थंडीत राहिलेली मोनो (एकपदरी नायलॉनची लाइन) स्प्रिंगसारखी कडक वेटोळी धरते आणि हलका जिग ती सरळ करू शकत नाही. मग मासा चावतो तेव्हा आधी वेटोळं सरळ होतं आणि रॉडचं टोक हलेपर्यंत माशाने जिग थुंकलेला असतो.

बॅकिंग कसं भरायचं

५/६ वजनाच्या (५ किंवा ६ नंबरच्या फ्लाय लाइनसाठीच्या) फ्लाय रीलमध्ये साधारण १०० यार्ड बॅकिंग आणि वर जाड फ्लाय लाइन मावते. इथे फ्लाय लाइन नसल्यामुळे तिची जागाही भरावी लागते. २० पाउंडी डेक्रॉन (विणलेली पॉलिएस्टरची दोरी) असेल तर २०० यार्डांच्या आसपास लागतं.

अंदाजावर न जाता नेमकं भरायचं असेल तर उलट्या क्रमाने भरा. रिकाम्या रीलवर आधी १०० फूट मुख्य लाइन गुंडाळा, तिला बॅकिंग जोडा आणि स्पूलच्या काठाला ३ मिलिमीटर राहीपर्यंत भरत जा. मग कापा. आता हे सगळं एका रिकाम्या स्पूलवर, तिथून दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर आणि तिथून परत रीलवर घ्या. दुसरा स्पूल टाळू नका. एकाच स्पूलवर काढून परत भरलं तर मुख्य लाइन पुन्हा तळाशीच जाते.

गाभ्याला आर्बर गाठ: टोक गाभ्याभोवती फिरवून मुख्य दोरीभोवती साधी गाठ मारा, टोकाला आणखी एक साधी गाठ, आणि ओढा. दुसरी गाठ पहिलीवर येऊन अडकते. बॅकिंग आणि मुख्य लाइन डबल युनी गाठीने जोडा. बॅकिंगच्या बाजूला ३-४ वेढे, बारीक लाइनच्या बाजूला ७-८, आणि आवळण्याआधी गाठ ओली करा. १०० फूट मुख्य लाइन असली की २० फूट पाण्यात ही गाठ स्पूलवरून कधी उतरतच नाही, त्यामुळे रॉडच्या बारीक कड्यांत अडकण्याचा प्रश्न येत नाही.

बॅकिंग कशाचं, हे बसता कुठे त्यावर ठरवा. गरम तंबूत डेक्रॉन उत्तम, कारण ते मऊ असतं आणि सपाट बसतं. उघड्यावर मात्र ओल्या लाइनचं पाणी झिरपून डेक्रॉनच्या धाग्यांत शिरतं आणि गोठतं. तिथे १५ पाउंडी मोनो भरा, बारीक असल्याने ३५० यार्डांच्या आसपास लागेल. ती घट्ट गुंडाळा, पण ताणून नको. ताणलेली मोनो आकसताना स्पूलच्या भिंती बाहेर ढकलते आणि तो फ्रेमला घासू लागतो. ब्रेडेड, म्हणजे बारीक विणलेल्या गुळगुळीत लाइनचं बॅकिंग गुळगुळीत गाभ्यावर सबंध गोल फिरतं, म्हणून खाली टेपचा एक वेढा हवाच.

फ्लाय रीलचे खरे त्रास

सगळ्यात मोठा त्रास फटीचा. फ्लाय लाइन जाड असते म्हणून स्पूल आणि फ्रेममधली फट तिला चालून जाते. २ पाउंडी लाइन जराही सैल पडली की त्या फटीतून मागे जाऊन दांड्याभोवती गुंडाळते, आणि उणे १५ अंशांत हातमोजे काढून स्पूल उघडावा लागतो. विकत घेण्याआधी केस फटीत जातो का पाहा. सहज जात असेल तर ती रील सोडा. गाभ्याला भोकं असतील तर टेपने बुजवा. काठापर्यंत गच्च भरलं तरी लाइन घसरते, म्हणून ते ३ मिलिमीटर सोडायचे.

दुसरा त्रास ग्रीसचा. जाड ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि स्पूल जड फिरतो. ते पुसून हलक्या तेलाचा एखादा थेंब द्या. कॉर्कचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा स्पूल आवरणारा ब्रेक) ओला होऊन गोठतो; साधी क्लिक-पॉल रील, जिच्यात दातांवर टकटकणारा खटका स्पूल आवरतो, थंडीत जास्त भरवशाची, बारीक लाइनवर बाकीचा ब्रेक तळहाताने काठावर देता येतो.

तिसरी गोष्ट जिग खाली सोडण्याची. क्लिक असलेल्या रीलवरून १/३२ औंसाचा जिग स्वतःच्या वजनाने लाइन ओढू शकत नाही, ती हाताने काढावी लागते. १२ फुटांत हे काहीच नाही. ३० फुटांत मासे खाली जमलेले असताना तेवढा वेळही फार वाटतो.

इनलाइन आणि स्पिनिंग

इनलाइनचा मोठा फायदा नेमका जिग खाली सोडण्यात आहे. बटण दाबलं की स्पूल मोकळा होतो आणि जिग सरळ तळाला जातो. जिग टेकला तरी स्पूल फिरत राहिला तर गुंता होतो, म्हणून शेवटच्या दोन फुटांत अंगठा काठाला लावा. फट कमी, गिअर आहे, भरायला बॅकिंगही थोडं लागतं. स्वस्त मॉडेलांचा ड्रॅग मात्र झटके देत सुटतो आणि २ पाउंडी लाइनला एक झटका पुरतो. दुकानात लाइन हळू ओढून बघा.

ऑन्टारिओतल्या सिमको तलावावर लेक ट्राउट आणि व्हाइटफिशसाठी ६० ते १०० फूट खोल जावं लागतं. तिथे फ्लाय रील नेऊ नका. जड स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) पिळाला जुमानत नाही, आणि लांब धावणाऱ्या माशाला स्पिनिंगचा ड्रॅगच हवा. खोल पाण्यातल्या क्रॅपीचं मात्र लक्षात ठेवा: ३० फुटांखालून वर आणलेला क्रॅपी दाबातल्या फरकामुळे बहुधा जगत नाही, रील कोणतीही असो. खायला हवेत तेवढे धरा आणि मग उथळ पाण्याकडे सरका.

मिनेसोटात हिवाळ्यात बहुतेक पाण्यांवर माणशी दोन लाइन टाकता येतात. फ्लाय रील आधीच घरात असेल तर बॅकिंग भरून ती ब्लूगिलच्या रॉडला बांधा आणि वाचलेले पैसे वॉलआयसाठीच्या चांगल्या स्पिनिंग रीलवर घाला. काहीच नसेल तर पहिली खरेदी इनलाइनची करा.