सामन्याच्या गर्दीत पिचरचं माप कसं मारलं जातं

मोठ्या पडद्यावर सामना दाखवणाऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक हमखास फसतं ते मध्यंतरात. फुटबॉलमध्ये हा वेळ 15 मिनिटांचा, ट्वेंटी-20 मध्ये साधारण 20 मिनिटांचा. सगळी टेबलं एकदम ऑर्डर देतात आणि आलेलं पिचर कोणी मोजून बघत नाही.

पैसे दीड लिटरचे घेतले जातात. पिचर काठोकाठ भरलेलंही दिसतं, पण आत तळापासून वरपर्यंत बर्फ. बर्फाने गच्च भरलेल्या भांड्यात खड्यांमधल्या फटींत जेमतेम अर्धं पेय मावतं, म्हणजे दीड लिटरच्या नावाखाली पाऊण लिटर. पुढे बर्फ वितळून पाणी होतं, त्यामुळे पिचर लवकर संपल्यासारखंही वाटत नाही. चव तेवढी पांचट होते. बिअरमध्ये हेच काम फेस करतो. तो बसू द्या, मग पातळी बघा.

म्हणून ऑर्डर देतानाच सांगा: बर्फ वेगळ्या भांड्यात आणा. एवढ्याने निम्मी लबाडी थांबते. तरीही शंका आली तर टेबलावरची 1 लिटरची पाण्याची बाटली रिकामी करा, ती तिरकी धरून पिचरमधलं पेय हळूहळू त्यात ओता. दीड लिटर असेल तर बाटली भरून पिचरमध्ये अर्धा लिटर उरायला हवं. हे पहिला घोट घेण्याआधी करा, वेटरला तिथेच दाखवा आणि फोटो काढा. अर्धं प्यायल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

पेगचं माप तर त्याहून फसवं. ते वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, त्यामुळे बरीचशी दारू काठाजवळच्या भागात मावते. माप खाली टोकदार, अगदी शंकूसारखं असेल आणि उंचीच्या चार पंचमांशापर्यंतच भरलं, तर 30 मिलीच्या जागी फक्त 15 मिली पडते. डोळ्यांना मात्र ते 'जवळजवळ भरलेलं' दिसतं! पेग समोरच भरायला लावा, काठापर्यंत.

बिलातही गफलत होते. गोल किंवा विकेट पडली की जल्लोषात न मागितलेली फेरी टेबलावर येते, किंवा नुसतीच बिलात चढते. मध्यंतरातच तोवरचं बिल मागून घ्या आणि फेऱ्या जुळवा. सामना संपल्यावर निघायच्या घाईत हे होत नाही.

'अनलिमिटेड' ऑफर असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: शेवटची ऑर्डर किती वाजता, एका वेळी किती ग्लास, आणि सामना लांबला तर काय. फुटबॉलच्या बाद फेरीत बरोबरी झाली तर बहुधा 30 मिनिटांचा जादा वेळ आणि मग पेनल्टी असतात. ऑफर 90 मिनिटांवर संपत असेल, तर त्या पुढच्या प्रत्येक ग्लासचे पैसे वेगळे लागतात, आणि हे बहुतेकांना बिल हातात आल्यावरच कळतं.